अकरा हजार रुमाल

"हात लावू नका!"

आमची ओळख माझ्या या ओरडण्याने झाली. इतका गोड आवाज इतका कडू करून वापरणारी बाई आपण पहिल्यांदाच पाहिली, असं तो पुढे म्हणायचा. खरं सांगते, त्या दिवशी गोडबिड काही नव्हतं. मे महिना होता, अमरावतीत पारा पंचेचाळीसच्या वर गेला होता, आणि दप्तरखान्यामागच्या टिनाच्या शेडमध्ये एक अनोळखी माणूस माझ्या रुमालाची गाठ सोडत होता.

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. जुनी बुकं, जुने कागद लाल फडक्यात घालून चारी टोकांची गाठ मारतात, त्या गठ्ठ्याला आमच्याकडे रुमाल म्हणतात. शेडमध्ये असे अकरा हजार रुमाल होते, सगळे अकोला जिल्ह्याचे, आणि ते सांभाळायला मी होते – प्रियदर्शनी तायडे, राहणार अकोला, दर अकरा महिन्यांनी नवा करार होणारी कंत्राटी सहायक.

"मॅडम, मी चोर नाई," तो दोन्ही हात वर करून म्हणाला. "अनुप इंगळे. ज्युनिअर इंजिनिअर. तुमची नवी बिल्डिंग माह्याकडे हाय."

"बिल्डिंग तुमच्याकडे असन. रुमाल माह्याकडे हाय. बाहेरच्या माणसानं हात लावायचा नाई, असा नियम हाय."

"अन् आतल्या माणसानं?"

"आतल्या माणसानं हात धुऊन लावायचा."

तो खरंच बाहेरच्या नळावर गेला. नळाचं पाणी त्या उन्हात चहा टाकण्याइतकं गरम होतं. हात झटकत परत आला, आणि लहान मुलाने आईला दाखवावेत तसे तळवे माझ्यासमोर धरून म्हणाला, "आता?"

"आताबी तुमी बाहेरचेच."

आमचे शिपाई गोवर्धनभाऊ स्टुलावर बसल्या बसल्या खो खो हसले. मी नाही हसले. निदान त्याच्यासमोर नाही.

तो कशासाठी आला होता ते कळलं, तेव्हा हसू उरलंच नाही. नव्या इमारतीला तीन वर्षांपूर्वी चार कोटी दहा लाख मंजूर झाले होते. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली, आणि तेवढ्यात सळई महागली, सिमेंट महागलं, रेती तर सोन्याच्या भावाने मिळू लागली. मंजूर रक्कम जिथल्या तिथे. शेवटी वरून पत्र आलं – आहे त्या पैशांत बसेल तेवढंच बांधा, वरचा मजला वगळा.

वरचा मजला म्हणजे आमचा मजला. या अकरा हजार रुमालांसाठीच तो होता.

"मंग हे कुठी जाईन?" मी विचारलं.

"नांदगाव पेठेत कापडाचं एक युनिट बंद पडलं हाय. त्याचं गोदाम भाड्यानं घेतीन म्हणतात."

मी ते गोदाम पाहिलेलं होतं. भिंतीला हात लावला तर पोपडे हातात येतात आणि जमिनीतून वाळवी चढते. माझं तोंड पाहून त्याने वही मिटली.

"एवढं काय हाय हो याच्यात?" त्याने विचारलं. टिंगल नव्हती त्यात.

मी बाकावर बसलेल्या जानरावांकडे बोट दाखवलं. पातूरकडच्या एका खेड्यातले सत्तरीचे मजूर, महिन्यातून दोनदा एसटीने यायचे. त्यांची नात माया बारावीला चांगले मार्क मिळवून नर्सिंगला लागायच्या बेतात होती. राखीव जागा हवी तर जातीचा दाखला पडताळून घ्यावा लागतो, आणि त्याला पन्नास सालाच्या आधीचा पुरावा लागतो. ज्याच्याकडे कधी शेत नव्हतं, ज्याच्या घरात कोणी शाळेत गेलं नव्हतं, त्याने पुरावा आणायचा कुठून? तर कोतवाल बुकातून. गावात कोणाच्या घरी कोण जन्मलं, कोण मेलं, जात कोणती, हे सगळं त्यात लिहिलेलं असायचं. जानरावांच्या बापाचा जन्म असाच कुठल्यातरी बुकात होता, आणि ते बुक या शेडमधल्या कुठल्यातरी रुमालात. कोणत्या, ते सांगणारी यादी मागे एका पावसात भिजून लगदा झाली होती. म्हणून एक एक रुमाल सोडून पाहायचा. अर्जदार जानरावांसारखे दोनशे, आणि सोडून पसरायला जागा म्हणजे माझं एक टेबल.

अनुप जानरावांजवळ जाऊन बसला. "बाबा, किती चकरा झाल्या?"

"मोजल्या नाई बावा. मोजल्या तं येनं होनार नाई."

अनुपने वर टिनाकडे पाहिलं. मग उठून माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "एक रस्ता हाय… पाहू."

त्याचा रस्ता असा होता. कागदांच्या खोलीचा स्लॅब फार जड धरावा लागतो, त्यात सळई जास्त जाते, म्हणून वरचा मजला परवडत नव्हता. पण प्रत्यक्ष वजन करून दाखवलं, की इथला माल तेवढा जड नाही, तर हलका स्लॅब मंजूर होऊ शकत होता. सळई वाचली की मजला पैशांत बसणार. त्यासाठी एका रुमालाचं सरासरी वजन हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आरोग्य शिबिरातला उभं राहायचा काटा घेऊन आला. रुमाल ठेवला तर फडक्याखाली आकडाच झाकून जायचा. म्हणजे कोणीतरी रुमाल धरून काट्यावर उभं राहायचं, आणि त्या माणसाचं वजन वजा करायचं. नियमाने अनुपने रुमालाला हात लावायचा नाही. गोवर्धनभाऊंची कंबर धरलेली. उरले मी.

"तुमचं वजन किती मॅडम?" त्याने पेन सरसावून विचारलं. "नाई तं अगोदर नुसत्या उभ्या राहा, पाहून घेतो."

आता इथे मला मागचं थोडं सांगितलं पाहिजे. मी चोविसाची असताना अकोल्यातच एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आत्याने माझं मनगट दोन बोटांत धरून फिरवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पोट्टी बिमार गिमार हाय काय? हाडं तं मोजून घ्या." ते स्थळ गेलं. पुढच्या वेळेपासून आई मला साडीखाली दोन परकर घालायला लावायची, आणि कोणी विचारलं तर अठ्ठेचाळीस सांग म्हणायची. मी त्रेचाळीस किलोची होते. लग्न काही जमलं नाही, पण अठ्ठेचाळीस तोंडात बसले ते बसलेच.

आणि समोर पेन घेऊन उभा असलेला हा माणूस, काल माझ्यासमोर ओले तळवे धरणारा… त्याच्यासमोर मी काट्यावर उभी राहून त्रेचाळीस दाखवू?

"अठ्ठेचाळीस," मी म्हणाले. "लिहा. सगळ्यायसमोर बाईमाणसाले काट्यावर चढवता काय?"

तो कानापर्यंत लाल झाला. "माफ करा… लिहिलं. अठ्ठेचाळीस."

मग आम्ही चोवीस रुमाल मोजले, प्रत्येक फडताळातून एक. मी रुमाल पोटाशी धरून काट्यावर चढायची आणि तो खाली वाकून माझ्या पावलांमधला आकडा वाचायचा. कूलरची वाळ्याची ओली हवा मधूनच यायची. त्याच्या केसांत शेडमधली धूळ बसली होती, ती झटकावीशी वाटत होती.

"सत्तावन्न पॉइंट चार. चपला घातल्या हाय तुमी, चारशे ग्राम वजा. म्हणजे रुमाल नऊ." आणि वर पाहत, "रुमालापेक्षा मॅडम जड."

"कामाचं बोला."

"कामाचंच हाय. सरकारी नोंद हाय ही."

चपलांचे चारशे ग्राम वजा करणारा माणूस होता तो. माझ्या शब्दावर मात्र त्याने पाच किलो सोडून दिले.

ऑगस्टमध्ये तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मजला वाचला होता. "तुमच्या नऊ किलोनं वाचवला," असं म्हणून त्याने पहिला पेढा मला दिला. रोज रुमाल उचलणारी मी, मला ठाऊक होतं की तो नऊचा नाही.

"एखाद-दोन किलो इकडंतिकडं असन तर?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"एखाद-दोन चालते. तेवढं जास्तीचं धरतो नं आमी."

एखाद-दोन चालतं. मी ते धरून ठेवलं. पाच म्हणजे काही एखाद-दोन नव्हेत, हे न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. पण मजला मंजूर झाला होता, जानराव पेढा खाऊन हात जोडत होते, आणि अनुप माझ्याकडे असा पाहत होता की… मी गप्प बसले. सरळ सांगते, गप्प बसले.

आणि मग ते वर्ष आलं. वाईट कामाचं फळ असं सुंदर असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तोही अकोल्याचा. शनिवारी संध्याकाळची पावणेसहाची एसटी आम्ही दोघं धरायचो. तो आधी जाऊन खिडकीतून बॅग टाकून दोन जागा अडवायचा, आणि कंडक्टरने विचारलं की म्हणायचा, "मॅडम येऊन राहिल्या. दप्तरखान्याच्या मॅडम हाय, त्यायचे नियम लय कडक." मूर्तिजापूरला बस थांबली की गरम भजी. खिडकीची काच नीट बंद व्हायची नाही, पावसाचे थेंब आत यायचे, आणि भिजू नये म्हणून मी त्याच्याकडे सरकायची. थोडी… मग अजून थोडी.

"इतकी जागा हाय तिकडं," तो एकदा म्हणाला.

"तिकडं पाणी येते."

"पाऊस तं बोरगावलेच थांबला, प्रियदर्शनी."

त्याने पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं होतं. मी खिडकीबाहेर कपाशीच्या ओल्या पऱ्हाटीकडे पाहत राहिले, आणि सरकले मात्र नाही.

"बिल्डिंग झाली का तुह्या आईले भेटाले येतो," तो म्हणाला. "अगोदर नाई. रिकाम्या हातानं काय येऊ? म्हणीन, आई, हे पाहा, तुमच्या पोरीसाठी मजला बांधला."

मी हसले, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

स्लॅब पडला. फेब्रुवारीत प्लास्टर झालं, मार्चमध्ये फडताळं लागली. एक मे रोजी उद्घाटन ठरलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रुमाल वर जाऊ लागले, दिवसाला तीनशे. खालच्या मजल्यावर वाचनाची खोली होती, तिथे आताच पंधरा-वीस अर्जदार बसू लागले होते. वर रुमाल, खाली माणसं.

जयंतीच्या आदल्या दिवशी, तेरा एप्रिलला, आवारात रक्तदान शिबिर होतं. अनुपने मला न विचारता माझं नाव दिलं होतं. "पंचेचाळीसच्या वर लागते, तू अठ्ठेचाळीस. पास!" मी डोकं दुखतं म्हणाले, काम आहे म्हणाले. त्याने ऐकलं नाही, रांगेत माझ्या मागेच उभा राहिला. पुढे नर्सबाईंचा काटा. मागे तो.

"त्रेचाळीस," नर्सबाई मोठ्याने म्हणाल्या. "ताई, तुमचं नाही घेता येत रक्त. जरा खात जा."

मी मागे वळून पाहिलं. वाटलं, हसेल, चिडवेल. तो हसत नव्हता. त्याचे ओठ हलत होते, आणि मला कळलं की तो गुणाकार करतोय.

त्याने मला कोपराला धरून मंडपाबाहेर नेलं. कडुनिंबाखाली उभं केलं. आवाज अगदी हळू होता.

"वजन कमी झालं काय तुह्यं? यंदा बिमार होती… मले नसन सांगितलं. होती नं?"

तो मला वाट करून देत होता. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कावीळ झाली होती म्हणायचं होतं. मजला राहिला असता, उद्घाटन झालं असतं, तो आईला भेटायला आला असता. 'हो' अगदी जिभेवर होता. तेवढ्यात वाचनाच्या खोलीच्या खिडकीत मला जानराव दिसले. कोणाशी तरी बोलत, वर छताकडे बोट दाखवत होते. नवं छत दाखवत असतील.

"नाई," मी म्हणाले. "तवाबी त्रेचाळीसच होतं."

"म्हणजे रुमाल…"

"चौदाचा."

"पाच गुणिले अकरा हजार." तो खाली दगडावर बसला. "पंचावन्न टन, प्रियदर्शनी. माह्या स्लॅबवर पंचावन्न टन जास्त." मग, माझ्याकडे न पाहता, "तुले मालूम होतं?"

"हो."

"पेढे देले तवा?"

"हो."

तो उठला आणि गेला. रक्त न देताच गेला.

मी त्याच दुपारी हमालांना थांबवलं. अडीच हजार रुमाल वर गेले होते, ते खाली आणायला लावले. गोवर्धनभाऊंनी कारण विचारलं तर मी म्हणाले, इंजिनिअर साहेबांचा फोन आला. फोन आला नव्हता. आठ दिवस आला नाही. वाचनाची खोली मी रिकामी करवली, आणि कुलूप लावण्याआधी आत एकटी उभी राहून छत पाहत राहिले. एका तुळईपाशी केसाएवढी रेघ दिसत होती. प्लास्टरची असेल, किंवा नसेल. माझ्या लाजेपायी इथे माणसं दबून मेली असती. हा विचार मी तेव्हापासून रोज करते.

नवव्या दिवशी तो शेडमध्ये आला. दाढी वाढलेली. माझ्याकडे न पाहता नळावर गेला, हात धुतले, आणि सरळ एक रुमाल उचलला. मी अडवलं नाही. त्याने तो दोन्ही हातांवर तोलला, परत ठेवला.

"एकदा उचलला असता तरी समजलं असतं मले," तो म्हणाला. "आंधळाबी सांगन का हे नऊचं नाई. पण तू म्हणाली हात लावू नका, अन् मी नाई लावला."

"माही चूक हाय अनुप."

"मोजमाप माह्यं हाय, सही माही हाय. तुले नुसतं काट्यावर उभं करून पाहायचं होतं. लाजलो." त्याने खिशातून एक कागद काढला. "साहेबाले लिहून देलं. वजनं मी एकट्यानं केली, चुकीची केली. तुह्यं नाव नाई त्याच्यात."

"काहून नाई?"

"तुह्यं अकरा महिन्याचं कंत्राट. तुले उद्याच घरी पाठवतीन. माही नोकरी पक्की हाय. वेतनवाढ थांबन, बदली होईन, पण नोकरी नाई जात."

"अन् तुह्यं नाव खराब झालं तं?"

"झालंच हाय."

"मंग मले काहून वाचवून राहिला?"

"आता हेबी सांगू काय?" तो पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलला. डोळे लाल होते. "राग लय आला हाय मले तुह्या. इतका, का बोलू नये वाटते. अन् तरी शनिवारी एसटीत बॅग दोन जागेवर टाकली मी. बाजूच्या बाईनं विचारलं, कोन येऊन राहिलं? मी म्हटलं, कोनी नाई."

मला रडू आलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, की जवळ घेतलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, "चौकशीत तुले बोलावतीन. मोजताना हजर नव्हती म्हणून सांग. बस."

उद्घाटन झालं नाही. वरचा मजला सील झाला. मजला मजबूत करायचा अंदाज काढला तो सव्वा कोटीचा, आणि भाव आणखी वाढलेले. वरून उत्तर आलं, निधी उपलब्ध नाही. मेच्या अखेरीस पाच ट्रक लागले आणि बाळापूर, पातूर, अकोला, सगळे रुमाल नांदगाव पेठेच्या त्या गोदामात नेऊन टाकले. लावले नाहीत, टाकले. जूनमध्ये जानराव आले. मायाचा प्रवेश गेल्या वर्षी हुकला होताच, यंदाची शेवटची तारीख बारा जून होती, आणि ते चौदाला आले होते, मला फक्त सांगायला.

"झालं बाई," ते म्हणाले. "पोट्टी मिरची तोडाले जाते आता. तुमचा काय दोष!"

मी त्यांना सांगितलं, दोष माझाच आहे. सगळं सांगितलं, अठ्ठेचाळीस आणि त्रेचाळीससुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. पाणी प्यायले, टोपी घातली आणि निघून गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चौकशी जुलैत होती, अकोल्याला. निघताना आईने विचारलं, "साक्षच द्याची हाय नं? मंग चहा तसाच काहून ठेवला?"

"आई, कोनी वजन विचारलं तं इथून पुढं त्रेचाळीस सांगत जाय," मी म्हणाले. तिला काही कळलं नाही.

चौकशीच्या खोलीत तिघेच होते. चौकशीचे साहेब, टंकलेखक, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर अनुप. तीन महिन्यांत खंगला होता. साहेबांना घाई होती. माझी साक्ष म्हणजे पाच मिनिटांचं काम, असं त्यांनी धरलं होतं.

"मोजमापाच्या वेळी तुम्ही हजर होता का?"

अनुपने माझ्याकडे पाहून किंचित मान हलवली. नाही म्हण.

"होते," मी म्हणाले. "रुमाल धरून काट्यावर मीच उभी होते. माझं वजन त्रेचाळीस किलो, मी अठ्ठेचाळीस सांगितलं. त्यामुळे प्रत्येक रुमाल पाच किलोने कमी भरला. ऑगस्टमध्ये मला चूक कळली होती. मी सांगितली नाही."

टंकलेखकाची बोटं थांबली. साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुमचं नाव या प्रकरणात कुठंच नाही. हे कबूल केल्यावर तुमचा करार आजच संपतो, कळतं ना? मग कशासाठी सांगताय? इंगळेंशी काही संबंध आहे तुमचा?"

"काई संबंध नाई साहेब," अनुप उभा राहून म्हणाला. "त्या उगाच…"

"आहे," मी म्हणाले. "माझं प्रेम आहे यांच्यावर. लिहून घ्या."

"हे जबाबात लागत नाही," साहेब म्हणाले, पण आवाज उतरला होता.

"लागतं, साहेब. खोटं बोलली ते लिहिलं, अन् खरं काहून बोलून राहिली ते नाई लिहिलं, तं जबाब अर्धाच राहते. चौकशीचा कागद तीस वर्षं सांभाळतात. मी दप्तरखान्यातली हाय, मले मालूम हाय. अर्धा कागद मी ठेवू नाई देत."

साहेबांनी टंकलेखकाला खूण केली. मी प्रत्येक पानावर सही केली आणि बाहेर बाकावर येऊन बसले. आत अनुपचा जबाब सुरू झाला. अर्ध्या तासाने तो बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला. रागावलेला होता की रडलेला, मला ओळखता आलं नाही.

"नोकरी घालवली नं!"

"घालवली. तू काय लिहून देलं?"

"साक्षीदाराले नाई सांगता येत," तो म्हणाला. कित्येक महिन्यांनी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "नक्कल काढा. अर्ज करा, तिकीट लावा. तुमचे नियम लय कडक असते, मंग आमचे नसन काय?"

मी अर्ज केला. नक्कल यायला दीड महिना लागला. तोवर माझा करार संपून गेला होता, आणि बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मी लोकांचे दाखल्याचे अर्ज लिहून देत होते. त्याच्या दोन वेतनवाढी थांबल्या होत्या आणि बदली मेळघाटात झाली होती. पाकीट दुकानातच फोडलं. चार पानं होती. काटा, चपला, चोवीस रुमाल, सळई, सगळं नीट क्रमाने. आणि शेवटच्या पानावर, सहीच्या वर:

'साक्षीदार श्रीमती प्रियदर्शनी तायडे यांनी आपल्या जबाबात नमूद केलेला संबंध खरा आहे. तो मला त्यांच्या आधीपासून मान्य आहे.'

शिक्का त्याच्यावरच पडला होता, तरी वाचता येत होतं. मी तीनदा वाचलं. अर्जाला आलेली एक बाई विचारत होती, ताई, डोळ्यात काय गेलं.

पहिल्या रविवारी तो मेळघाटातून चार तास बसने आला. लोक बागेत जातात, मंदिरात जातात, पिक्चरला जातात. आम्ही नांदगाव पेठेला गेलो. गोदामाच्या चौकीदाराला गोवर्धनभाऊंनी सांगून ठेवलं होतं. आत ओल होती, खालच्या थरातल्या रुमालांना वाळवी लागली होती, मातीच्या रेषा फडक्यांवर चढत गेल्या होत्या. पुढचे प्रवेश जूनला. तोवर पातूरच्या बाजूचं ते एक बुक मिळालं तर मायाला पुन्हा अर्ज करता येणार होता. मिळण्याआधी वाळवीने खाल्लं, तर नाही.

आम्ही संध्याकाळपर्यंत एक एक गाठ सोडली, पाहिलं, बांधलं. एकदा त्याने माझ्या कपाळावरची धूळ बाहीने पुसली, आणि मी त्याचा हात तसाच थोडा वेळ धरून ठेवला. अंधारून आलं तेव्हा मोजले, एकशे चाळीस झाले होते. पातूरचं बुक त्यात नव्हतं.

"पुढच्या रविवारी?" त्याने विचारलं.

"सकाळी लवकर ये," मी म्हणाले. "डबा मी आणते."